लाळेचं नंतर बघू, आधी तोंड उघड

ग्रुपवर तो निरोप ज्याने पुढे ढकलला त्याने आधी उभं राहावं. नाव घेत नाही, तुझं तुला कळलंय. 'लाळेच्या एका थेंबातून तोंडाचा कॅन्सर ओळखता येणार, आता घाबरायचं कारण नाही!' खाली अंगठ्यांची रांग, जोडलेले हात, आणि शेवटच्या बाकावरच्या आपल्या कायमच्या विनोदवीराचं भाष्य : 'चला, म्हणजे आणखी एक बार मळायला हरकत नाही.' त्यावर सगळ्यांनी दात काढले.

काढून झाले असतील तर आता तोंड मिटा आणि ऐका.

मी निवृत्त झाले म्हणून तुमचे कान माझ्या हातातून सुटले असं समजू नका. मुलुंड, घाटकोपरपासून अंधेरी, बोरिवलीपर्यंत पांगलेले तुम्ही सगळे आता पंचेचाळिशीच्या अलीकडे-पलीकडे आहात. कुणी बँकेत, कुणी बेस्टमध्ये, कुणाचं मरोळला वर्कशॉप. पोरं दहावीला बसलीत आणि बापाची अक्कल अजून मधल्या सुट्टीत मैदानावरच आहे. स्नेहमेळाव्याच्या दिवशी हॉलबाहेरच्या जिन्यापाशी कोण कोण घुटमळत होतं ते मी पाहिलंय. डाव्या तळहातावर तंबाखू, नखाने काढलेला चुना, अंगठ्याने घासणं, वरून दोन थापा, फुंकर, आणि चिमूट खालच्या ओठामागे. इतकी सफाई कंपास हातात धरताना दाखवली असतीत तर भूमितीत नापास झाला नसतात. मला बघून एकाने तोंड घट्ट मिटलं आणि नुसती मान हलवून नमस्कार केला. बोलणार कसा? तोंडात ऐवज होता.

तर तो निरोप. खोटा आहे का? नाही. हीच तर अडचण आहे. निव्वळ थाप असती तर दोन ओळींत निकाल लावला असता. गोष्ट खरी आहे, तुम्ही तिचा अर्थ आपल्या सोयीचा लावलात.

नीट समजून घ्या, नववीत घेतलंय तेच आहे. माणसाच्या तोंडात दिवसाला अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते. कानापुढे, जबड्याखाली आणि जिभेखाली मोठ्या ग्रंथींच्या तीन जोड्या, शिवाय अस्तरात विखुरलेल्या शेकडो बारीक ग्रंथी. तोंडाच्या अस्तरातल्या पेशी सतत झडत असतात आणि त्या लाळेत मिसळतात. कुठे गाठ धरू लागली असेल, तर तिच्या पेशी, त्यांच्या डीएनएचे तुकडे, आरएनए, प्रथिनं हेही लाळेत उतरतं. काही तुकडे रक्तातही जातात. हा ऐवज पकडायचा, मोजायचा आणि गाठ डोळ्यांना दिसण्याआधी तिचा सुगावा लावायचा, अशी ती कल्पना. अशा खुणेला डॉक्टर लोक बायोमार्कर म्हणतात.

२००४ मध्ये लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात डेव्हिड वाँग यांच्या गटाने तोंडाचा कर्करोग असलेले ३२ रुग्ण आणि ३२ निरोगी माणसं घेतली, त्यांची लाळ तपासली. सात आरएनए रुग्णांच्या लाळेत वाढलेले सापडले. त्यांतले काही एकत्र धरले तर शंभरातले ९१ रुग्ण बरोबर ओळखता येत होते आणि शंभरातले ९१ निरोगी बरोबर सुटत होते. २०१५ मध्ये जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी डोकं-मानेच्या कर्करोगाच्या ९३ रुग्णांत गाठीचा डीएनए शोधला. ज्यांचा रोग तोंडाच्या पोकळीत होता अशा ४६ जणांपैकी सगळ्यांच्या लाळेत तो सापडला. रक्तात मात्र तोंडाच्या रुग्णांपैकी ८० टक्क्यांच्या आसपास. घसा आणि स्वरयंत्राच्या रोगात उलटं, तिथे रक्त अधिक बोलतं आणि लाळ कमी. सुंदर काम आहे. मी वाचलं तेव्हा मलाही आनंद झाला; आयुष्यभर विज्ञान शिकवलेल्या बाईला होणारच.

पण त्या अभ्यासांत एक गोष्ट आधीच ठरलेली होती, ती तुमच्या लक्षात आली का? कोण आजारी आणि कोण धडधाकट हे माहीत होतं. उत्तरं समोर ठेवून सोडवलेला पेपर तो. बोर्डाचा पेपर वेगळा असतो. बोर्डाच्या पेपरात बोरिवली स्टेशनवर उतरलेली दहा हजार माणसं उभी असतात आणि त्यांतल्या कोणाला रोग आहे हे कुणालाच ठाऊक नसतं.

वही काढा. धरून चालू की त्या दहा हजारांत दहा जणांना खरोखर कर्करोग आहे. हा आकडा मी हिशेबासाठी घेतलाय, खानेसुमारीतून नव्हे. चाचणी ९० टक्के रुग्ण पकडते आणि ९० टक्के निरोगी बरोबर सोडते, म्हणजे चांगलीच म्हणायची. दहापैकी नऊ सापडले, एक सुटला. उरलेल्या ९,९९० निरोगी माणसांपैकी दहा टक्के, म्हणजे ९९९ जणांनाही तीच चाचणी 'तुम्हाला आहे' असं सांगणार. एकूण घाबरवलेली माणसं १,००८, त्यांत खरे रुग्ण नऊ. शंभरात धड एकही नाही. आणि जो एक सुटला, तो घरी जाऊन पेढे वाटणार. टक्केवारी शिकवताना तुम्ही 'बाई, हे पुढे कुठे उपयोगी पडतं?' म्हणून विचारायचात. इथे पडतं.

दुसरं. लाळेत ज्या खुणा वाढतात त्यांतल्या बऱ्याच दाहाच्या आहेत. वाँग यांच्या यादीतलं इंटरल्यूकिन-८ हे त्यातलंच. हिरड्या सुजल्या, पायरिया झाला, तरी ते वाढतं. आता मला सांगा, वीस वर्षं चुना आणि तंबाखू दाबून बसलेल्यांपैकी किती जणांच्या हिरड्या धड आहेत? ज्याच्यासाठी चाचणी सगळ्यात गरजेची, त्याच्याच तोंडात ती सगळ्यात जास्त गोंधळते. शिवाय नमुना द्यायच्या आधी तासभर तरी तोंडात काही घालायचं नसतं. खाणं नाही, पिणं नाही, धूर नाही, चिमूट तर नाहीच. तुमच्यातल्या अर्ध्यांची गाडी या अटीपाशीच अडकेल.

तिसरं जरा खोलात जाऊन सांगते, कारण ते आपल्या घरचं आहे. पाश्चात्त्य देशांत डोकं-मानेच्या कर्करोगात घशातला आणि विषाणूमुळे होणारा रोग वाढतोय. आपल्याकडे रोग धरतो तो गाल आणि हिरडी यांच्या खाचेत, म्हणजे बरोबर जिथे तुमची चिमूट मुक्काम करते तिथे. डॉक्टर त्याला भारतीय तोंडाचा कर्करोगच म्हणू लागलेत. केवढा मान! खारघरचं ॲक्ट्रेक, म्हणजे टाटा मेमोरियलचंच संशोधन केंद्र, आणि पश्चिम बंगालमधल्या कल्याणीची राष्ट्रीय जनुकशास्त्र संस्था यांनी मिळून या गाल-हिरडीच्या गाठींची जनुकं वाचली. २०१३ मध्ये ते काम नेचर कम्युनिकेशन्समध्ये छापून आलं. जगभर ठाऊक असलेल्या बदलांबरोबर आणखी काही जनुकांतले बदल या गाठींत पुन्हा पुन्हा सापडले. म्हणजे परदेशातल्या रुग्णांवर बेतलेली खूण जशीच्या तशी घाटकोपरच्या माणसाला लावून चालेल असं नाही, ती इथल्या तोंडांवर घासून पुसून घ्यावी लागेल. हे काम चाललंय. त्याला वेळ लागणार. अमेरिकन डेंटल असोसिएशनने २०१७ च्या सूचनांत लाळेच्या चाचण्यांची शिफारस केली नाही. संशयास्पद डाग दिसला तर तुकडा काढून तपासा, असंच सांगितलं.

म्हणून चाचणीला मी नावं ठेवत नाही. ज्याच्या गालात आधीच पांढरा चट्टा आहे त्याच्यावर कितपत बारीक नजर ठेवायची, ऑपरेशन झालेल्या माणसात रोग परत डोकं वर काढतोय का, अशा कामांना ती उद्या फार उपयोगी पडेल असं मला वाटतं. पण तुम्ही काय केलंत? उद्या येणाऱ्या चाचणीच्या जिवावर आज चिमूट भरलीत.

आता रक्तवाले पुढे या. सोसायटीच्या फाटकावर पत्रक लागतं, 'संपूर्ण शरीर तपासणी, कॅन्सर मार्करसह, फक्त इतक्या रुपयांत'. रविवारी सकाळी उपाशीपोटी नळी भरून देता, संध्याकाळी मोबाईलवर अहवाल, सगळे आकडे हिरवे. की लगेच 'बाई, मी क्लिअर आहे.' कशातून क्लिअर? त्या पॅकेजातले मार्कर बघितलेस का? पुरुषांना प्रोस्टेटचा, कुणाला आतड्याचा, कुणाला आणखी कशाचा. तोंडाच्या कर्करोगात रक्तातली एससीसी अँटिजेनसारखी प्रथिनं वाढू शकतात, पण गाठ लहान असताना ती पुष्कळदा वाढलेलीच नसतात, आणि दुसऱ्या कारणांनीही वाढतात. धडधाकट माणसात तोंडाचा कर्करोग हुडकायला सर्वमान्य अशी रक्ताची चाचणी आज नाही. तुमचा हिरवा अहवाल तुमच्या गालाबद्दल अवाक्षर बोलत नाही. रक्त काढणाऱ्या त्या पोराने तुमची बाही वर केली, तोंड उघडायला सांगितलं नाही.

आणि तोंड उघडणं हीच ती चाचणी आहे, जिची परीक्षा घेऊन झालेली आहे, निकाल लागलेला आहे, आणि जी तुम्ही दिलेली नाही.

हे सांगताना मला आपल्या मुंबईचा अभिमान वाटतो, तुमचा वाटत नाही. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, जिथे अणू आणि आकाशगंगा यांचा अभ्यास चालायचा, तिथे डॉ. फली मेहता यांनी दंतसंशोधनाचा एक छोटा विभाग चालवला. त्यांच्या माणसांनी गावोगाव, घरोघर जाऊन लोकांना अंगणात बसवून तोंडं तपासली. १९६९ मध्ये त्यांनी निरनिराळ्या राज्यांतल्या ५०,९१५ खेडुतांच्या तपासणीचा अहवाल छापला. १९७२ मध्ये आपल्या महाराष्ट्रातल्या १,०१,७६१ खेडुतांचा. लाखाच्या वर तोंडं! ना यंत्र, ना प्रयोगशाळेचा अहवाल. नजर, उजेड आणि चिकाटी. जगाला तोंडाच्या पूर्वकर्करोगाबद्दल जे कळलं त्यातलं पुष्कळसं या वहीतून कळलं.

पुढे केरळात, तिरुवनंतपुरम जिल्ह्यात १९९६ पासून मोठा प्रयोग झाला. पस्तिशीच्या वरचे सुमारे १ लाख ९० हजार लोक. काही पंचायतींत प्रशिक्षित आरोग्यसेवकांनी घरी जाऊन तोंड बघायचं, काहींत नेहमीसारखंच चालू द्यायचं. डॉ. शंकरनारायणन आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये लॅन्सेटमध्ये निकाल दिला : तंबाखू किंवा दारूची सवय असलेल्यांत, नुसतं तोंड बघितल्याने, तोंडाच्या कर्करोगाचे मृत्यू ३४ टक्क्यांनी घटले. डॉक्टरसुद्धा नव्हेत, शिकवून तयार केलेले कार्यकर्ते होते ते. लाळेच्या कुठल्याही चाचणीने अजून एकही मृत्यू कमी करून दाखवलेला नाही. बघण्याने दाखवलाय.

आणि आपण काय करतो? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ३० ते ४९ वयाच्या पुरुषांना विचारलं, तोंडाच्या कर्करोगासाठी कधी तपासून घेतलंय का? 'हो' म्हणणारे देशभरात १.२ टक्के. बायका ०.९. तुमच्या वर्गात साठ जण होते, त्या हिशेबाने एकसुद्धा पुरता भरत नाही. त्याच देशात २०२० या एका वर्षात ओठ-तोंडाच्या कर्करोगाचे १ लाख ३५ हजारांहून अधिक नवे रुग्ण आणि ७५ हजारांहून अधिक मृत्यू झाल्याचा जागतिक अंदाज आहे. परळच्या टाटाबाहेरच्या फुटपाथवर पिशव्या उशाला घेऊन झोपलेली माणसं बघितलीत कधी? परराज्यांतून रात्रभर प्रवास करून येतात बिचारी. तुम्ही लोकलने तासाभराच्या अंतरावर राहता आणि दाताच्या डॉक्टरकडे जाता ते दाढ ठणकून रात्रीची झोप उडाली की.

मेळाव्यात आणखी एक पाहिलं, ते सगळ्यांदेखत बोलले नाही. पाणीपुरीच्या स्टॉलपाशी आपल्यातलाच एकजण प्लेट घेऊन बाजूला गेला. पुरी तोंडात जाईना. बोटांनी चुरून, चमच्याने थोडी थोडी खात होता, आणि पाणी बिनतिखटाचं मागत होता. मी विचारलं तर म्हणतो, 'बाई, हल्ली तिखट झोंबतं. वय झालं.' गाढवा, वयाने तोंड लहान होत नाही. तू सुपारी खातोस. गोड मसाल्याची, चकचकीत पुडीतली, तंबाखू नाही म्हणून निर्धास्त होऊन, दिवसभर. सुपारीतल्या ॲरिकोलीनने गालाच्या अस्तराखाली तंतू साठत जातात, अस्तर पांढरट आणि कडक होतं, गाल ताणला जात नाही. सबम्यूकस फायब्रोसिस म्हणतात त्याला. मेहतांच्याच मंडळींनी केरळातले असे रुग्ण १७ वर्षं नजरेखाली ठेवले, त्यांतल्या ७.६ टक्क्यांना पुढे कर्करोग झाला. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने नुसत्या सुपारीला, तंबाखूशिवायच्या सुपारीला, २००४ मध्येच कर्करोगजनकांच्या पहिल्या गटात बसवलंय. 'मी तंबाखू खात नाही, फक्त सुपारी' हे वाक्य माझ्यासमोर पुन्हा काढू नका.

तुमच्या सबबी मला पाठ आहेत. गृहपाठाच्या होत्या तशाच आहेत, फक्त आता 'कुत्र्याने वही खाल्ली' असं म्हणत नाही.

'आमचे आजोबा नव्वदीपर्यंत पान खाऊन ठणठणीत होते.' असतील. जे पन्नाशीत गेले त्यांचे नातू ही गोष्ट सांगायला येत नाहीत. आर. आर. पाटील आठवतात? गावातून वर आलेला, राज्याचा गृहमंत्री झालेला, लोकांना आपला वाटणारा माणूस. फेब्रुवारी २०१५ मध्ये तोंडाच्या कर्करोगाने गेले, ५७ व्या वर्षी, आपल्या वांद्र्याच्या इस्पितळात. शरद पवारांवर २००४ मध्ये तोंडाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली. आपल्या सवयीबद्दल ते पुढे जाहीरपणे बोलले. माणूस कितीही मोठा असो, गालाच्या आतल्या कातड्याला त्याचं पद कळत नाही.

'गुटखा तर सरकारने बंदच केलाय.' हो, जुलै २०१२ पासून महाराष्ट्रात बंद आहे. त्याआधी २००२ मध्येही केला होता, तो सर्वोच्च न्यायालयात टिकला नाही. आणि तरी स्टेशनाबाहेर तुम्हाला तो मिळतो, टपरीवाल्याने हात कुठे घालायचा हेसुद्धा तुम्हाला ठाऊक असतं. बंदी आहे म्हणून तुम्ही सुटलात की बंदी असूनही खाता म्हणून दुप्पट दोषी आहात? पोराला 'जा रे, कोपऱ्यावरून पुडी घेऊन ये' म्हणून पाठवणारा एक महाभाग तुमच्यात आहे. अठराच्या आतल्या मुलाला तंबाखू विकणं गुन्हा आहे, शाळेपासून शंभर यार्डांच्या आत विकणं गुन्हा आहे, २००३ चा कायदा आहे. तू पोराला गुन्ह्याच्या दुकानात पाठवतोस आणि मग त्याच्या गुणांची काळजी करतोस.

'तुकडा काढला की कॅन्सर पसरतो, सुई लावू देऊ नये.' हे कुणी शिकवलं? मी नाही. तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली बघितल्याशिवाय रोग आहे की नाही हे ठरतच नाही, लाळेची चाचणी आली तरी शेवटी तिथेच यावं लागणार. रोग पसरतो तो सुईने नाही, तुम्ही टाळलेल्या महिन्यांनी. गाठ दोन सेंटिमीटरच्या आत असते, मानेत उतरलेली नसते, तेव्हा ऑपरेशन करून माणूस कामावर जातो. टाटामध्येच डॉ. अनिल डिक्रूझ यांनी सुरुवातीच्या अवस्थेतल्या रुग्णांवर अभ्यास केला, २०१५ मध्ये छापला. गाठीबरोबर मानेतल्या लसिकाग्रंथीही लगेच काढल्या तर तीन वर्षांनी ८० टक्के रुग्ण हयात होते. मानेचं ऑपरेशन रोग तिथे दिसेपर्यंत लांबवलं तर ६७.५ टक्के. लवकर आलेल्यांतही थांबण्याची किंमत एवढी. उशिरा येणाऱ्याचा जबडा काढावा लागतो, बोलणं जातं, गिळणं जातं, घरातली सोन्याची पाटली जाते.

मुलींनो, तुम्ही मागे बसून हसू नका. मशेरी लावणाऱ्या कोण आहेत ते मला माहीत आहे. सकाळी तव्यावर तंबाखू भाजायची, पूड करायची, बोटाने दातांना घासत अर्धा तास गॅलरीत उभं राहायचं. 'बाई, त्याशिवाय पोट साफ होत नाही.' आईकडून घेतलीत, आता लेकीला देणार? ती तंबाखूच आहे गं. भाजल्याने पुण्यवान होत नाही. आणि नवऱ्याने जिन्याच्या कोपऱ्यात पिचकारी मारू नये म्हणून सोसायटी तिथे गणपती, साईबाबा, येशू आणि मक्केच्या टाइल्स लावते, तेव्हा तुम्हाला लाज वाटते. तीच लाज त्याचं तोंड तपासून घेण्यासाठी वापरा.

आता घरचा अभ्यास. चुळा भरा, मोबाईलची टॉर्च घ्या, आरशासमोर उभे राहा. ओठ खाली ओढून आतली बाजू. गाल बोटाने बाहेर ताणून, हिरडीलगतची खाच, दोन्ही बाजूंची, जिथे चिमूट ठेवता ती आधी. जीभ बाहेर, मग कडेने डावीकडे, उजवीकडे. जीभ टाळूला लावून खालची बाजू. टाळू. पांढरा चट्टा, लाल चट्टा, बोटाला लागणारं कडक काही, विनाकारण हललेला दात, दोन आठवड्यांत न भरलेला व्रण. लाल चट्ट्याला पांढऱ्यापेक्षा जास्त घाबरा. व्रण दुखत नाही म्हणून खूश होऊ नका, सुरुवातीला तो बहुतेक दुखत नाहीच. मग तीन बोटं एकावर एक धरून पुढच्या दातांच्या मध्ये उभी घालून बघा. आपली तीन बोटं आपल्या तोंडात जायला हवीत. न जाणाऱ्याने 'बोटं जाड आहेत' असं मला सांगू नये.

आरशात काही दिसलं नाही तरी तुमची सुटका नाही, कारण बघायचं कसं हे तुम्हाला येत नाही. सवय असलेल्या प्रत्येकाने दाताच्या डॉक्टरला स्पष्ट सांगायचं, 'मी तंबाखू खातो, माझं तोंड तपासा.' सांगायला लाज वाटते? खाताना वाटली नाही. पूर्वेकडच्यांना राजावाडी आहे, पश्चिमेला कूपर. नुसतं तोंडाचंच बघणारे हवे असतील तर पश्चिम रेल्वेवाल्यांनी मुंबई सेंट्रलला उतरून नायर दंत महाविद्यालयात जायचं, मध्य रेल्वेवाल्यांनी सीएसएमटीला उतरून शासकीय दंत महाविद्यालयात. केसपेपर काढा, रांगेत बसा. सिद्धिविनायकाच्या रांगेत चार तास उभे राहता, इथे तेवढे लागणार नाहीत.

आणि सोडायची असेल तर, सोडायचीच आहे, १८००-११-२३५६ हा तंबाखू सोडवायला मदत करणारा सरकारी फोन आहे. पैसे पडत नाहीत. चुन्याने निकोटीन झपाट्याने रक्तात उतरतं म्हणून तलफ इतकी चिवट असते. एकट्याने जमलं नाही तर तो नालायकपणा नव्हे, मदत घेतली नाही तर आहे.

पुढच्या रविवारी संध्याकाळी मी ग्रुपवर हजेरी घेणार. हजेरी क्रमांकाने, पूर्वीसारखी. प्रत्येकाने तपासणीची तारीख आणि डॉक्टर काय म्हणाले ते लिहायचं. निरोप पुढे ढकलायचे नाहीत, हसरे चेहरे टाकायचे नाहीत. 'वेळ मिळाला नाही' हे उत्तर मी तेव्हाही घेत नव्हते, आताही घेणार नाही.